बूट घालून आत येऊ का?

आमच्या संघटनेच्या पत्रकात दर प्रवेशाच्या मोसमात एक ओळ मी हट्टानं छापायला लावतो. वर नेहमीच्या मागण्या असतात, खाली सभेची जागा असते, आणि मध्ये चौकटीत ही ओळ: 'प्रवेश घेण्याआधी संस्थेत जा आणि एकच प्रश्न विचारा. वर्कशॉपमध्ये बूट घालून आत येऊ का?'

कार्यकर्ते कुरकुरतात.

"अरे, ही काय मागणी झाली? शिक्षणाचा बाजार लिही, खासगीकरण लिही. बुटाचं काय घेऊन बसलास?"

मी म्हणतो, बाजार लिहा, खासगीकरण लिहा, ठळक टायपात लिहा. पण बुटाची ओळ काढली तर गठ्ठा तुमचा तुम्ही वाटा. ते हसतात आणि ओळ ठेवतात. का ठेवायची ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. पत्रकात तेवढी जागा नसते. इथं आहे, म्हणून सांगतो.

आम्ही मेंढरंवाले. गंगापूर तालुक्यात आमचं गाव आहे, गावाच्या कडेला घर आहे, पण वर्षातला मोठा काळ घराला कुलूप असायचं. दिवाळी झाली की कळप निघायचा. माझा बाप, त्याला मी आबा म्हणतो, चुलता, त्याला सगळे नाना म्हणतात, माय, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोकरं. शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, आणि बदल्यात आम्हाला धान्य. हा आमचा धंदा. मी मात्र शाळेपायी आजोळी राहिलो, त्यामुळं माझ्या पायाला वाट कमी लागली. मायच्या पायाला सगळी लागली.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. रानात पेरलेलंच उगवेना, तर खत कुणाला पाहिजे? मेंढरं बसवून घ्यायला कुणी बोलावीना. दुसरीकडं शहर सुटलं होतं. वाळूजकडून कंपन्या आमच्या बाजूला सरकत होत्या, आणि पार पलीकडं पडेगावच्या माळावर, जिथं नानांच्या तरुणपणी कळप खुशाल पडून राहायचा, तिथं प्लॉटांसाठी चुन्याच्या रेघा पडल्या. नाना एकदा कळप घेऊन तिथवर गेले आणि परत आले ते चिडूनच.

"माळाला दारं बसवली भाड्यांनी," म्हणाले. "भिंत नाय, छप्पर नाय, नुसतं दार. म्हने गेट."

त्याच उन्हाळ्यात गावात जीप आली. जीपवर भोंगा. 'दहावी पास-नापास, सर्वांना संधी. टर्नर व्हा, वाळूजला नोकरीला लागा. नोकरीची हमी.' जीपमधून खासगी आयटीआयचे एक सर उतरले. पांढरा शर्ट, पेन खिशात, बोलणं गोड. आमच्या ओट्यावर बसले, मायच्या हातचा चहा पिले, आणि आबांना म्हणाले, "फी भरायची चिंता करू नका. तुमच्या समाजाला सवलत आहे. पोरगं फक्त द्या."

पोरगं फक्त द्या. मला ते वाक्य तेव्हा चांगलं वाटलं होतं. आता कळतं की संस्थेला आमच्यासारखी पोरंच लागायची. आमच्या दाखल्यावर सरकार संस्थेला पैसे देतं, आणि बाक भरलेले दिसले की मंजुरी टिकते. पण ओट्यावर बसून चहा पिणारा माणूस असलं काही बोलत नसतो.

त्या संध्याकाळी घरात ठरलं. मायचा उजवा गुडघा सुजायचा. दिवसभर कळपामागं चालून रात्री ती पाय लांब करून बसायची आणि तेल चोळताना तोंडातून आवाज काढायची नाही, म्हणून आम्हाला वाटायचं फार दुखत नसेल. आबांनी मात्र मनावर घेतलं होतं.

"हे टर्नर झालं की तुझी वाट बंद," आबा म्हणाले. "मेंढरं नाना पाहतील. तू घरी बसायचं."

"घरी बसून काय करू? भिताडाशी बोलू?"

"भांड माझ्याशी. नायतरी तेच करती."

"तुमच्याशी भांडायला घरी कशाला बसाया पाहिजे? ते चालता चालता बी व्हतं."

हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनं ओढ्यातनं माती आणली आणि चूल घातली. साधी नाही, वैलाची. म्हणजे मुख्य चुलीला लागून दुसरं तोंड, एकीकडं भाकरी, दुसरीकडं कालवण. वाटेवरच्या बाईच्या नशिबात तीन दगड असतात, आज इथं मांडले, उद्या तिथं. वैलाची चूल ती घालते जी उठून जाणार नसते. माय रोज ती चूल सारवायची. मी टर्नर होणार म्हणजे काय होणार, हे मला त्या चुलीवरून कळलं होतं. आईला परत वाटेला लावायचं नाही. एवढंच.

संस्था गंगापूरच्या बाहेर होती. पत्र्याचं लांबट शेड, पुढं दोन वर्ग, मागं वर्कशॉप. वर्कशॉपच्या दारात पाटी: 'पादत्राणे बाहेर काढावीत.'

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला दारात उभं केलं.

"आत यंत्र आहे. यंत्र म्हणजे लक्ष्मी. ज्याला लक्ष्मीपुढं चपला घालून जायचंय त्यानं घरी जावं."

कुणीही घरी गेलं नाही. आम्हा खेड्यातल्या पोरांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. खळ्यावर धान्य पडलेलं असतं तेव्हा कुणी चपला घालून जातं का? लहानपणी चुकून गेलो असेन तर टोणपा खाल्लेला आहे. जिथून पोट भरतं तिथं अनवाणी जायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. उलट सरांबद्दल आदर वाढला. आपल्यातलाच माणूस दिसतोय, असं वाटलं.

आत ती होती. लेथ. लोखंडाचा तुकडा गरगर फिरवत कापणारी, हिरव्या रंगाची, आमच्या घोड्याहून लांब, निळी ताडपत्री पांघरलेली. सरांनी ताडपत्री काढली तेव्हा आम्ही खरंच श्वास रोखला. हेडस्टॉक, टेलस्टॉक, चक, टूल पोस्ट. सर छडीनं एकेक भाग दाखवायचे आणि आम्ही आरतीसारखं एका सुरात म्हणायचो. मग ताडपत्री परत वर. भिंतीवर त्याच लेथचा तक्ता होता. तो आम्हाला इतका पाठ झाला की माझ्या बाकावरचा जोडीदार डोळे मिटून टेबलावर खडूनं पूर्ण लेथ काढायचा. तो चांगल्या बागायती घरचा, पाटलाच्या भावकीतला. विहीर आटली म्हणून इथं आला होता. माझ्याहून तोंडाळ.

"सर, चालू कधी करायची?" तोच विचारायचा.

"थ्री फेज आली की."

"कधी येती?"

"दुष्काळ आहे बाबा. धरणात पाणी नाही, वीज कुठून येणार? तोवर थिअरी पक्की करा. थिअरीवाला कुठं अडत नाही."

आम्हाला पटायचं. दुष्काळात सगळंच बंद होतं, मग लेथ बंद असली तर नवल काय? दुष्काळाच्या नावावर आमच्या भागात काहीही खपतं. टँकर आला नाही, दुष्काळ. एसटी आली नाही, दुष्काळ. शिकवलं नाही, दुष्काळ.

थिअरी तरी धड ऐकू यायची का? तीही नाही. शेडच्या मागं, भिंतीला लागूनच्या रानात, संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी चारा छावणी काढली होती. सगळ्या तालुक्यातली गुरं तिथं बांधलेली. सकाळी आम्ही बाकावर बसलो की पलीकडं कडबा कापायची कुट्टी सुरू व्हायची, घर्रर्र, आणि ती दुपारपर्यंत थांबायची नाही. सर फळ्यावर लिहायचे, ओरडून सांगायचे, शेवटी वैतागून म्हणायचे, "वाचून घ्या." जोडीदार माझ्या कानात म्हणायचा, "आपली लेथ मुकी अन् साहेबाची कुट्टी बोलकी." आम्ही हसायचो. काय हसलो आम्ही त्या कुट्टीला!

त्या छावणीवर आबा एकदा कळपातली अर्धी मेंढरं घेऊन आले होते. मी शेडच्या खिडकीतून पाहिलं. दारातल्या पोराला आबा हात जोडून काहीतरी सांगत होते, आणि ते पोरगं हातानं माशी हाकलावी तसं करत होतं. सुट्टीत मी पळत गेलो.

"काय झालं, आबा?"

"मोठीच जनावरं घेत्यात म्हने. मेंढरू जनावरात बसत नाय."

"मग कशात बसतं?"

"ते त्यानं नाय सांगितलं," आबा म्हणाले, आणि मेंढरं वळवली. जाताना वळून म्हणाले, "तू जा आत. तुझी लक्ष्मी खोळंबली असंल."

खंडेनवमीला मात्र लेथची ताडपत्री दिवसभर निघायची. आम्ही तिला ओल्या फडक्यानं पुसायचो. हळद-कुंकू, झेंडूची माळ, चकवर नारळ. अध्यक्षसाहेब येऊन आरती करायचे. मग आम्हाला निळे अ‍ॅप्रन मिळायचे, त्या एका दिवसापुरते, आणि प्रत्येकाचा लेथच्या दांड्यावर हात ठेवून फोटो निघायचा. फोटोवाला म्हणायचा, "काम करू राह्यला असं तोंड कर." काम करताना तोंड कसं होतं ते आम्हाला कुठं माहीत? मी भुवया आवळल्या. फोटो झकास आला, असं सगळे म्हणाले. पाय फोटोत आले नव्हते. अनवाणी होते.

परीक्षासुद्धा झाली. वाळूजच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून कापून आणलेले चकचकीत तुकडे प्रत्येकाच्या पुढं ठेवलेले होते. हे तुम्ही केलेत असं समजा, सर म्हणाले. आम्ही समजलो. आम्हाला समजूनच घ्यायची सवय लावली होती. सगळे पास. माय गूळ घेऊन शेजारी फिरली. "लेकरू टर्नर झालं," म्हणायची. तिला तो शब्द म्हणता येत नव्हता तेव्हापासून ती तो म्हणत होती.

दसऱ्याच्या थोडं आधी मला आणि जोडीदाराला वाळूजच्या एका कंपनीतून ट्रेड टेस्टला बोलावणं आलं. घरात ठरलेलंच होतं: नोकरी लागली तर माय घरी, नाही लागली तर दिवाळीनंतर कळपाबरोबर. नाना आणि आबा दोघंच आता पुरे पडत नव्हते.

गेटवर आम्हाला बूट दिले. काळे, जड, पुढं लोखंडी टोपण असलेले. माझे मोठे होते, चालताना टाच आत वरखाली व्हायची. एका लांबलचक शेडमधून आम्हाला नेलं. दोन्ही बाजूंना काचेच्या कपाटांसारखी मशीनं, आत पांढरं पाणी उडतंय, बाहेर एक पोरगा नुसती बटणं दाबतोय. त्यात हेडस्टॉक कुठं, टेलस्टॉक कुठं, काही दिसेना. जोडीदार कुजबुजला, "ही कोणच्या तक्त्यातली हायत रं?"

सुपरवायझर शहरातला होता, दख्खनी बोलणारा, दाढी पांढरी झालेली. म्हणाला, "वो बाद में. पहले पुरानी पे दिखाओ." कोपऱ्यात टूलरूमची लेथ होती. आमच्या लक्ष्मीची सख्खी बहीण, फक्त काळी पडलेली, तेलकट, आणि जमिनीवर पिवळी रेघ मारून तिची हद्द आखलेली.

रेघेपाशी आम्ही दोघं थांबलो. वाकलो. बूट काढले. मी माझे बूट जोडीनं रेघेबाहेर ठेवले, शेजारी त्यानं त्याचे. मग आत जाऊन लेथला हात लावून तो कपाळाला लावला आणि आम्ही हात मागं बांधून उभे राहिलो. पुढं काय करायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं एवढंच करायचे.

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. "अरे, नारळ आणला का?"

"अगरबत्ती राहिली पोरांची!"

सुपरवायझर हसला नाही. त्यानं आमच्या पायांकडं पाहिलं, मग बुटांकडं.

"क्या भाई, दर्गाह में आए क्या?"

मी म्हणालो, "आमच्याकडे सर आत चपला घालू देत नव्हते."

"दो साल?"

"हो."

"पाँव कभी जला?"

मला कळेना. त्यानं खाली बोट दाखवलं. लेथच्या पायाशी कापलेल्या लोखंडाचा किस पडला होता, निळसर, वेटोळ्या वेटोळ्यांचा. "ये गरम गिरता है. चमड़ी में घुस जाता है. जहाँ मशीन चलती है ना बेटा, वहाँ नंगे पाँव कोई दो मिनट नहीं रुकता. तुम लोग दो साल खड़े रहे." त्यानं बुटाच्या टोकानं किस बाजूला सारला. "तुम्हारी मशीन चली ही नहीं."

दोन वर्षांत आम्हाला जे दिसलं नाही ते त्याला आमच्या अनवाणी पायांत दिसलं. त्यानं आम्हाला लेथ चालू करायलाही सांगितली नाही. "जूते पहन लो," एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या पोरांकडं वळला. त्या माणसाचा मला राग आला नाही. मला सरांचा आला. 'लक्ष्मी' म्हणाले होते. आमच्या खळ्याचा, आमच्या संस्काराचा आधार घेऊन त्यांनी आम्हाला फसवलं होतं. लबाडानं लबाडी करावी, त्याचं एवढं नाही. पण माझ्या आईनं मला जे शिकवलं त्याचाच फास करून माझ्या गळ्यात घालावा?

परतताना गंगापूरला जीपमधून उतरल्यावर जोडीदार म्हणाला, "चल." आम्ही सरळ संस्थेत गेलो. नवी बॅच बाकांवर बसलेली. मागं कुट्टी चालू, घर्रर्र. वर्कशॉपच्या दारात आम्ही थांबलो नाही. चपला घालून आत गेलो.

"ए, ए! पाय!" सर मागून ओरडले.

जोडीदारानं ताडपत्री ओढून खाली टाकली. मी लेथच्या मागच्या बाजूचं झाकण उघडलं. तक्ता पाठ होता ना, मोटर कुठं असते ते मला पाठ होतं. तिथं मोटर नव्हती. चार बोल्टांची भोकं, कोळ्याचं जाळं, आणि कुठल्यातरी खंडेनवमीचा सुकलेला झेंडू.

सर दारात उभे. त्यांनी स्वतः चपला काढल्या होत्या. एवढं झाल्यावरही काढल्या होत्या.

"मोटर कुठंय, सर?"

त्यांची नजर मागच्या भिंतीकडं गेली. बोलायची गरजही नव्हती. भिंतीपलीकडं ती बोलतच होती.

"कुट्टीला?" जोडीदार म्हणाला.

"अरे, दुष्काळ होता," सर म्हणाले. "अध्यक्षसाहेब म्हणाले, तात्पुरती न्या. तालुक्यातली एवढी जनावरं जगली त्या मोटरवर. ते पुण्य नाही का? दुष्काळ संपला की येईल परत."

"अन् थ्री फेज? ती कुट्टीला बरी येत होती?" जोडीदारानं विचारलं.

"हळू बोल. पोरं बसलीत."

"बसली न्हायत सर, बसवलीत," मी म्हणालो.

ते मला म्हणाले, "तुला काय, तुझ्याकडं सर्टिफिकेट आहे ना?" खरंच, असंच म्हणाले.

मी तेव्हा काहीच करू शकलो नाही. आजचा मी असतो तर दारातच ठिय्या दिला असता. तेव्हा मला फक्त एकच सुचत होतं, आणि ते सारखं सुचत होतं. ज्या छावणीनं माझ्या बापाची मेंढरं जनावरात धरली नाहीत, त्याच छावणीत माझं शिक्षण दुसऱ्यांच्या गुरांसाठी कडबा कापत होतं, आणि आम्ही भिंतीच्या अलीकडं बसून त्या आवाजाला हसत होतो. गुरं जगली, हे खरं आहे. मी गुरांच्या जिवावर उठलेला नाही. पण मोटर नेतानाच आम्हाला सांगायचं होतं ना, की पोरांनो, लेथ आता चालणार नाही, तुम्ही आपापल्या वाटेनं जा. तर आबांनी दुसरा विचार केला असता. मी मेंढरांमागं गेलो असतो आणि माय घरी बसली असती. तेवढा सरळ हिशेब होता. तो कुणी करूच दिला नाही.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. आबा ऐकून घेत होते. माय चुलीपुढं होती, भाकरी उलटत होती. शेवटी आबा म्हणाले, "मंग दुसरी मशीन शिकवा म्हनावं."

"दुसरी नाय त्यांच्याकडं, आबा."

"येक बी नाय, आन् दुसरी बी नाय," माय म्हणाली. "मंग दोन वर्सं त्याला कुकू कशाला लावलं?"

त्याच कंपनीत मला काम मिळालं, पण ठेकेदाराकडून. हेल्पर. मशीनखालचा किस गोळा करून टोपल्यात भरायचा आणि मागं नेऊन टाकायचा. बुटासकट. आज आहे, उद्या ठेकेदार म्हणाला नको, तर नको. त्यावर घर बसवता येत नाही, हे आबांना मी सांगायच्या आधी कळलं होतं. जोडीदाराच्या घरच्यांनी कोरडं रान प्लॉटिंगवाल्याला दिलं. तो आता प्लॉट दाखवतो. भेटला की म्हणतो, "मी बी गेटच विकू राह्यलो."

दिवाळी झाली. कळप निघायचा दिवस उजाडला. मी खाडा करून गावी आलो होतो, गंगापूरपर्यंत सोबत जायचं म्हणून. मायनं वैलाची चूल शेवटची सारवली. तिच्यात राख ठेवली नाही. एक पाट तिच्यावर पालथा घातला, कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून. मग ती घोड्याचा दोर तपासू लागली.

गंगापूरच्या स्टँडजवळ कळप आला तेव्हा ऊन वर आलं होतं. आबा कळपापुढं होते, जीपवाले हॉर्न वाजवत होते, नाना त्यांना शिव्या घालत होते. माय गुडघ्यावर हात ठेवून मागून येत होती. आणि रस्त्याच्या कडेला, दोन बांबूंना ताणून बांधलेला फ्लेक्स. 'आमचे यशस्वी विद्यार्थी. नामांकित कंपनीत टर्नर पदावर.' मधोमध, सगळ्यात मोठा, मी. निळा अ‍ॅप्रन, झेंडूची माळ घातलेली लेथ, भुवया आवळलेल्या. खाली पुढच्या बॅचचे प्रवेश सुरू असल्याचं लिहिलं होतं.

दोन-चार पोरं फ्लेक्सपुढं उभी होती. एक दुसऱ्याला म्हणत होतं, "ह्यो आपल्या बाजूचाच हाय. मेंढरंवाल्याचा. ह्याला लागली, मंग आपल्याला का नाय लागनार?"

एवढं सगळं केलं ते कमी होतं का? माझी दोन वर्षं घेतली. आता माझं तोंड घेतलं, आणि त्या तोंडानं पुढच्यांना बोलावत होते. ज्या पोरांना मी ओळखत नव्हतो त्यांना मी हाक मारत होतो, रोज, स्टँडवर, मला न विचारता.

माय येऊन शेजारी थांबली. तिला अक्षरं येत नाहीत. तिनं मान वर करून फोटो नीट पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"ह्यो तूच हाईस का रं?"

"व्हय."

"साहेबावानी दिसतो."

ती परत फोटोकडं पाहू लागली.

"मंग मी का चाल्ले?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. त्यानंतर मी जेवढी भाषणं केली, जेवढी पत्रकं लिहिली, ती सगळी त्या प्रश्नाच्या उत्तराचीच धडपड आहे, आणि अजून जमलेलं नाही.

तेव्हा मी बांबूवर चढलो. नानांच्या कातरीनं दोऱ्या कापल्या. फ्लेक्स धाडकन खाली आला, एक कोकरू बुजलं. स्टँडवरचा कुणीतरी ओरडला, "अय! साहेबाचा बोर्ड हाय तो!"

"तोंड माझं हाय," मी म्हणालो.

मला तो तिथंच फाडायचा होता, चिंध्या करून रस्त्यावर टाकायचा होता. पण मायनं माझ्या हातातून घेतला. जमिनीवर पसरला, एकदा घडी घातली, परत घडी घातली, अंगठ्यानं जाडी पाहिली.

"फाडू नको. थंडी पडायलीय. कोकरांवर घालाया व्हईल."

घोड्यावर बिऱ्हाडाच्या वर तिनं तो बांधला आणि कळपामागं चालू लागली. घडी उलटी पडली होती. माझं तोंड वर आलं होतं, आवळलेल्या भुवयांचं, आणि ते घोड्याच्या चालीबरोबर हलत गोदावरीच्या दिशेनं चाललं होतं.

ती दोन-चार पोरं अजून तिथंच उभी होती. एकदा बांबूंकडं, एकदा माझ्याकडं बघत.

"दादा, तुम्हीच ना ते?" त्यातला एक म्हणाला. "चांगली हाय का संस्था?"

सांगण्यासारखं लई होतं. मोटर, कुट्टी, छावणी, थ्री फेज, पिवळी रेघ. त्यांची जीप हॉर्न वाजवत होती. एवढं सगळं ऐकायला त्यांना वेळ नव्हता.

"जाऊन एवढंच विचारा," मी म्हणालो. "वर्कशॉपमध्ये बूट घालून आत येऊ का?"